घूं करतो, फिरत नाही

कूलर बिघडतो जुलैत आणि कळतं मार्चमध्ये. मधले आठ महिने तो जिन्याखाली, गॅलरीत, नाहीतर खिडकीतच प्लास्टिक पांघरून उभा असतो. तेवढ्यात मोटरच्या बुशातलं (मधला दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो त्या नळीतलं) तेल आटून चिकट होतं, शाफ्टवर गंज चढतो, उंदीर एखादी वायर कुरतडतो आणि स्विचच्या डबीत पाल संसार थाटते. होळी झाली की आपण कूलर ओढून काढतो, ताट्या (पाणी झिरपून हवा गार करणाऱ्या बाजूच्या जाड जाळ्या) बदलतो, टाकी घासतो, पिन लावून बटन दाबतो. घूं असा आवाज येतो आणि पंखा जागचा हलत नाही. मग मिस्त्रीला फोन जातो, "भाऊ, कूलर घूं घूं करून राह्यला, पण फिरून नाही राह्यला."

जाणता मिस्त्री एवढं ऐकून कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा छोटा कपॅसिटर) खिशात टाकूनच निघतो. त्या एका वाक्यात अर्धं निदान झालेलं असतं. मोटर घूं करते म्हणजे वीज तिच्यापर्यंत पोचते आहे. पिन, वायर, बटन, मुख्य वाइंडिंग (तारेचं वेटोळं), सगळं निदान जोडलेलं तरी आहे. घोडं पुढे कुठेतरी अडलंय. नुसतं "कूलर बंद पडला" म्हटलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. मोटर न फिरण्याच्या तऱ्हा मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीचा आवाज, वास, हाताला लागणारा अंदाज वेगळा असतो. म्हणून "मोटर जळाली, नवी टाका" हा निकाल कुणी दारातूनच दिला, की आधी पुरावा मागावा असं माझं मत आहे. जळालेली मोटर लपत नाही. ती कशी ओळखायची ते पुढे येईलच.

नागपूरकराला कूलरचं महत्त्व सांगायला नको, पण त्याचा हिशोब पाहण्यासारखा आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तापमापी साधारण २४ अंश दाखवते. ताट्या नीट भिजलेल्या असतील तर कूलरच्या तोंडाशी २८ ते ३० अंशांची हवा मिळते, तीही दीडशे-दोनशे वॅटच्या मोटरवर आणि छोट्याशा पंपावर. मुंबईच्या दमट हवेत हे गणित बसत नाही. आपल्या कोरड्या उन्हाची तेवढी एक मेहरबानी. त्यामुळे नवतपात, मे अखेरीपासूनच्या त्या नऊ कडक दिवसांत, मोटर अडली की सगळं घर अडतं, आणि घाईत माणूस ओल्या हातानं पत्र्याला हात घालतो.

तिथेच थांबायचं. पत्रा, पाणी आणि वीज इथे एकाच डब्यात असतात. महावितरण दर उन्हाळ्यात कूलरबद्दल आवाहन करतं, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याच्या बातम्याही येतात. बटन बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटन फेजऐवजी (वीज आणणारी जिवंत तार) न्यूट्रलवर (परतीची तार) बसवलेलं असू शकतं. मग बटन बंद असलं तरी मोटरमध्ये फेज जिवंतच राहतो. पिन सॉकेटमधून ओढून काढायची, डोळ्यांसमोर ठेवायची आणि मगच जाळी उघडायची. पाणी भरतानाही हेच. चालू कूलरमध्ये पाइप सोडून बाजूला उभं राहायची सवय अनेक घरांत आहे. ती आजच मोडा.

आता घूं सुद्धा होत नसेल तर. हे प्रकरण सोपं आहे आणि मोटरशी त्याचा बहुधा संबंध नसतो. सॉकेटमध्ये दुसरं काही लावून पाहा. पिनेची टोकं काळी पडली असतील तर कारण भार नव्हे, ढिलेपणा. कूलर एक अँपिअरच्या आतबाहेरच ओढतो, तेवढ्यानं चांगला सॉकेट तापत नाही. मग वायर तपासा, विशेषतः खिडकीच्या चौकटीत चेपली जाते तिथे. त्यानंतर स्पीडचं फिरतं बटन. एक आणि तीनवर चालतो, दोनवर नाही, असं असेल तर बटनातला त्या नंबरचा पत्रा गंजलाय, नाहीतर मोटरची त्या स्पीडची वायर तुटलीय. बटन उघडलं की बरेचदा हिरवट बुरशी किंवा पालीची अंडी दिसतात. बटन साफ करण्यापेक्षा बदलणं बरं.

एक प्रकार फसवा आहे. मोटर वीस-पंचवीस मिनिटं चालते, बंद पडते, अर्ध्या तासानं आपसूक सुरू होते. लोक म्हणतात आत कुठेतरी 'लूज' आहे. काही मोटरींच्या वाइंडिंगमध्ये तापमान वाढलं की वीज तोडणारा छोटा संरक्षक बसवलेला असतो. तो आपलं काम करतोय. शोधायचं ते हे की मोटर तापते का. ताट्यांवर क्षाराचा थर बसून हवा अडत असेल तर कूलरच्या पंख्यावरचा भार वाढतो आणि मोटरला थंड करणारी हवाही कमी होते. पंप बंद असेल तर मोटरवरून ४५ अंशांची कोरडी हवा जाते, तीही तापवते. संरक्षकाला बगल देऊन मोटर सरळ जोडणारे महाभाग आहेत. त्यांच्या मोटरी नंतर खरोखरच जळतात.

घूं होतं पण फिरत नाही, तो मुख्य विषय. पिन काढा, समोरची जाळी काढा आणि पाती हातानं फिरवा. चांगल्या मोटरची पाती सोडल्यावर दोन-तीन फेरे घेऊन हळूहळू थांबतात. हात सोडताच गपकन थांबली तर बुश किंवा बेअरिंग आवळलंय. कर्र असा आवाज आला तर पातं कुठेतरी पत्र्याला घासतंय. कूलर हलवताना चौकट वाकते, पाय खचतो आणि अर्धा इंच सरकलेलं पातं जाळीत अडकतं. अशा वेळी मोटरला दोष देण्यात अर्थ नाही. पाती फिरतात पण शाफ्ट जागचा हलत नाही, असंही होतं. पंख्याच्या मधल्या भांड्यातला स्क्रू सैल झाला की मोटर आतल्या आत पळत राहते आणि पंखा उभा. शाफ्टला एका बाजूला सपाट केलेलं असतं. स्क्रूचं टोक बरोबर त्या सपाट भागावर यायला हवं, नाहीतर कितीही आवळा, पंधरा दिवसांनी पुन्हा सुटतो.

पाती मोकळी फिरतात आणि तरी मोटर नुसती घूं करते, तर संशय कंडेन्सरवर. घरात येते ती सिंगल फेज वीज. तिच्यानं तयार होणारं चुंबकीय बळ मागेपुढे होतं, गोल फिरत नाही. शिलाई मशीनचं पायडल मधल्या जागी अडकलं की पाय कितीही दाबा, चाक सुटत नाही. पण चाकाला हातानं जरा ढकललं तर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला मशीन पळायला लागतं. सिंगल फेज मोटरची गत हुबेहूब तीच. म्हणून तिच्यात दुसरं वाइंडिंग असतं आणि त्याला जोडून कंडेन्सर. कंडेन्सर त्या वाइंडिंगमधला प्रवाह पहिल्याच्या जवळजवळ पाव आवर्तन पुढे नेतो. दोन बळं दोन दिशांनी, वेळेचं अंतर ठेवून लागली की त्यांचं मिळून फिरणारं क्षेत्र तयार होतं आणि रोटर (मोटरचा आतला फिरता भाग) त्यामागे धावतो. चार पोलच्या (चार चुंबकी ध्रुवांच्या) मोटरमध्ये हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. रोटर थोडा मागे राहतो, १३५० ते १४०० वर.

त्यामुळे परीक्षाही सोपी. जाळी परत लावा, पिन लावा, बटन सगळ्यात वरच्या स्पीडवर ठेवा आणि जाळीतून कोरड्या लाकडी काडीनं पात्याला हलका धक्का द्या. बोट घालायचं नाही. मोटर सुटली की सांगून सुटत नाही. धक्क्यानं पंखा सुरू झाला, पुन्हा थांबवून उलट दिशेनं ढकलल्यावर उलटाही सुरू झाला, तर कंडेन्सर गेलाय किंवा त्याच्याकडे जाणारी वायर सुटलीय. ही परीक्षा चार-पाच सेकंदांत आटपायची. अडलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते आणि तिच्यावरून हवाही जात नाही. "घूं करतोय, राहू द्या, तापला की सुटेल" म्हणून दहा मिनिटं चालू ठेवलेला कूलर सुटत नाही, त्याचं वाइंडिंग सुटतं.

कंडेन्सर विकत घेताना त्यावरचे तीन आकडे वाचायला शिकलं की झालं. पहिला मायक्रोफॅरडचा, म्हणजे क्षमतेचा. साध्या कूलरला बहुधा २.५ ते ४, मोठ्या मोटरला ६, ८ किंवा त्याहून जास्त. जुन्यावर जो असेल तोच घ्यायचा. "मोठा टाका, जोर वाढेल" हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. सुरुवातीला जोर वाढतोही. पण दुसऱ्या वाइंडिंगमधून गरजेपेक्षा जास्त प्रवाह सतत वाहतो आणि त्याची बारीक तार महिन्या-दोन महिन्यांत काळी पडू शकते. दुसरा आकडा व्होल्टचा, ४४० एसी असावा. घरात २३० असताना ४४० कशाला, असा प्रश्न पडतो. चालू मोटरमध्ये कंडेन्सरच्या दोन टोकांत पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज तयार होतं, म्हणून. तिसरा आकडा कुणी वाचत नाही आणि नागपुरात तोच सगळ्यात कामाचा आहे. बारीक अक्षरात २५/७०/२१ किंवा २५/८५/२१ असं छापलेलं असतं. पहिला भाग म्हणजे उणे २५ अंशांपर्यंत चालेल, त्याची आपल्याला पर्वा नाही. मधला भाग म्हणजे किती अंशांपर्यंत तापलेला चालेल. शेवटचा, दमट उष्णतेच्या चाचणीचे दिवस. पश्चिमेच्या खिडकीतला लोखंडी कूलर, त्यात तापलेल्या मोटरला चिकटून बसवलेला कंडेन्सर: इथे ७० चा घेऊ नका, ८५ चा मागा. नागपूरच्या बाजारात, बर्डीवर किंवा इतवारीत, दोन्ही मिळतात. न विचारता जे समोर येईल ते येईल.

काढताना जुन्या कंडेन्सरची दोन टोकं एखाद्या बल्बच्या वायरींनी टेकवून रिकामा करा. पिन काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असू शकतो. मीटरवर कपॅसिटन्स मोजायची सोय असेल तर मोजा: ४ चा ३.८ भरला तर ठीक, ३ भरला तर म्हातारा झालाय, शून्य म्हणजे गेलाच. म्हातारा कंडेन्सर जास्त छळतो. त्यानं मोटर सकाळी सुरू होते, संध्याकाळी होत नाही. मोठ्या स्पीडवर होते, कमी स्पीडवर नाही. कंडेन्सर थेट मेनला लावून मग टोकं टेकवून ठिणगी काढायची जुनी पद्धत मात्र बंद करावी. ठिणगी पडली म्हणजे आकडा बरोबर आहे असं ठरत नाही, आणि फुटला तर डोळ्यावर येतो.

कंडेन्सर नवा आणि तरी घूं. आता शाफ्ट धरून वर-खाली हलवा. लांबीच्या दिशेनं किंचित सरकणं ठीक. वर-खाली खडखडलं तर बुश झिजलाय. रोटर आणि त्याच्याभोवतीच्या पट्ट्या यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट असते. बुश तेवढा झिजला की वीज येताच चुंबक रोटरला एका बाजूला खेचून चिकटवून टाकतो. हातानं फिरवलं तर मोकळी, बटन दाबलं की गच्च, या कोड्याचं उत्तर हे. रोटर बाहेर काढला की त्यावर घासल्याचा चकाकता पट्टा दिसतो. इथे तेलानं भागत नाही, बुशच बदलायला हवा.

तेलानं भागतं ते आवळलेल्या बुशाला, आणि मार्चमधली बहुतेक दुखणी याच जातीची असतात. बुशाभोवती नमद्याची (लोकरी फेल्टची) चकती असते. ती तेल धरून ठेवते आणि थेंबाथेंबानं सोडते. आठ महिन्यांत ती कोरडी ठाक होते. आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून शाफ्ट हातानं मोकळा करा, पुसा, मग एसएई २० (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर) च्या आसपासचं मशीन ऑइल दोन्ही बाजूंच्या चकत्यांना चार-पाच थेंब. स्प्रेलाच तेल समजू नका, तो आठवड्यात उडून जातो. खोबरेल किंवा जवसाचं तेल तर अजिबात नको, उष्णतेनं त्याचा थर बसतो आणि पुढच्या वर्षी मोटर आणखी आवळते. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, फक्त पातळ असल्यानं मे अखेर पुन्हा द्यावं लागतं.

जड लोखंडी कूलरच्या मोटरीत बुशाऐवजी बॉल बेअरिंग असतं, बहुधा ६२०१ किंवा ६२०२. नंबर कडेवर कोरलेला असतो. ६२०१ चं आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. ६२०२ चं १५, ३५ आणि ११. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस असेल तर रबराची. बंद बेअरिंगमध्ये बाहेरून तेल ओतून उपयोग नाही. घरघरायला लागलं की बदलायचं. शाफ्टवर बसवताना पाइपचा तुकडा फक्त आतल्या कड्यावर टेकवून ठोकायचा. बाहेरच्या कड्यावर हातोडी पडली की नव्या बेअरिंगच्या गोळ्या तिथेच खड्डे पाडतात आणि नवी मोटर पहिल्या दिवसापासून जुनी वाजते.

मोटर उघडण्याआधी दोन्ही झाकणं आणि मधला भाग यांच्यावर खिळ्यानं एक सरळ रेघ ओढून ठेवा. परत जोडताना रेघ जुळवायची आणि चार बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. प्रत्येक वेळी शाफ्ट फिरवून पाहायचा. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर झाकण तिरकं बसतं आणि सगळं नवं सामान टाकूनही मोटर जाम. दुरुस्तीनंतर बंद राहिलेल्या मोटरीत हे कारण फार वेळा सापडतं. चारही बोल्ट सैल करून झाकणाला लाकडी ठोकळ्यानं हलके टोले दिले की शाफ्ट अचानक मोकळा होतो.

संध्याकाळीच न सुटणारा कूलर हा व्होल्टेजचा मामला. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० आले तर जोर २२ टक्क्यांनी नाही, जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. जरासा आवळलेला बुश किंवा जरासा म्हातारा कंडेन्सर सकाळी खपून जातो, संध्याकाळी उघडा पडतो. व्होल्टेज मोजायचं तर कूलर चालू ठेवून मोजा. ढिल्या जोडणीत भार नसताना २३० दिसतात आणि बटन दाबताच आकडा कोसळतो. एकाच मापावर विसंबून राहू नये, हे तर नागपूरकराला माहीतच आहे: २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानं सांगितलं. कमी व्होल्टेज असेल तेव्हा कूलर मोठ्या स्पीडवर सुरू करून मग कमी करायचा. स्टॅबिलायझर घेण्याआधी बुशात तेल घालून पाहा.

आता ती जळालेली मोटर. झाकण उघडताच करपलेल्या वॉर्निशचा वास येतो, तारेचे वेटोळे एका ठिकाणी काळे आणि ठिसूळ झालेले असतात. दिसत नसेल तर मीटर लावा. एका स्पीडच्या मोटरला तीन वायरी असतात. कंडेन्सर काढून दोन-दोनच्या जोड्या मोजा. समजा लाल-पिवळ्यात ६० ओहम, पिवळ्या-निळ्यात ९० आणि लाल-निळ्यात १५०. सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका आला, म्हणजे दोन्ही वाइंडिंग तुटलेली नाहीत आणि एकमेकांना चिकटलेलीही नाहीत. मोठ्या आकड्याच्या जोडीत जी नाही ती वायर सामाईक, इथे पिवळी. तिच्याशी कमी ओहम दाखवणारी लाल ही मुख्य. पुरवठा पिवळ्या आणि लालला, कंडेन्सर लाल आणि निळ्यामध्ये. लालच्या जागी निळ्याला पुरवठा दिला तर मोटर उलटी फिरते, खोलीतली हवा ताट्यांतून बाहेर फेकते आणि तापते. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून रंगावर न जाता आकड्यावर जायचं. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय. बेरीज जुळत नसेल तर दोन वाइंडिंग आतून एकमेकांना चिकटलीत.

मीटर नसेल तर सिरीज बोर्ड. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब मोटरच्या मालिकेत लावायचा. पूर्ण उजेड पडला तर शॉर्ट, मंद पडला तर वाइंडिंग जिवंत, काहीच नाही तर तुटलेलं. एलईडी बल्ब इथे चालत नाही, त्यामुळे जुना पिवळा बल्ब जपून ठेवणारा मिस्त्री हल्ली शहाणा म्हणायचा. हीच चाचणी एका वायरीपासून मोटरच्या पत्र्यापर्यंत केली आणि बल्ब जरासा जरी लुकलुकला, तर करंट बॉडीत उतरतोय. बल्ब न लागला म्हणून सगळं सुरक्षित असं मात्र नाही. माणसाला मारायला लागतो त्याहून कितीतरी जास्त प्रवाह बल्बला लागतो. त्यासाठी मेगर (तारेवरचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) हवा: ५०० व्होल्टवर एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटर लावू नये. नुसता ओलावा असेल तर एक दिवस उन्हात ठेवून पुन्हा मोजा. नागपुरात ऊन फुकट आहे.

कूलर चटका देतो तेव्हा दोन पायांची पिन उलटी लावायची आणि "आता नाही मारत" म्हणून मोकळं व्हायचं, हा आपल्याकडचा जुना तोडगा. गळती वाइंडिंगच्या एका टोकाजवळ असते. पिन उलटली की त्या टोकाशी फेजऐवजी न्यूट्रल येतो आणि चटका जाणवत नाही. गळती तशीच असते. उद्या कुणी झाडू मारताना पिन काढून परत लावली की फेज पुन्हा पत्र्यावर. तीन पायांची पिन हवी, तिसऱ्या पायाची वायर कूलरच्या पत्र्याला रंग खरवडून बोल्टनं आवळलेली हवी आणि घराचं अर्थिंग खरं हवं. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्याच्या मागे वायर असतेच असं नाही. मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दुसऱ्यांदा बोलावू नये.

चटका बरेचदा मोटरचा नसतो, पंपाचा असतो. बिचारा कायम पाण्यात बुडालेला. त्याची वायर जिथून आत जाते तिथला रेझिनचा मसाला तडकला की सगळी टाकी जिवंत होते. असा पंप दुरुस्त करायचा नाही, फेकायचा. पण पंप नुसता गुरगुरत असेल तर तो बहुधा क्षारानं जाम झालाय. बोअरचं पाणी भरणाऱ्यांच्या घरी हे ठरलेलंच. पुढची टोपी काढली की छोटं चक्र आणि त्यामागचा चुंबकाचा रोटर एकत्र बाहेर येतो. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड टाकून अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा, रोटरच्या खोलगटातला पांढरा थर काढा. परत बसवताना चक्र हाताला मोकळं पण टप्प्याटप्प्यानं अडखळत फिरेल. तो चुंबकाचा स्वभाव आहे, बिघाड नाही. पंपाची वायर सॉकेटकडे जाताना एकदा खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

आता तो जुलै. पावसाच्या सरी आल्या की कूलर आपण एका दिवसात विसरतो, आणि खरी मेहनत तेव्हाच करायची असते. पाणी पूर्ण काढा आणि टाकीच्या कडा ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं पाणी सांडून ती जात नाहीत. ताट्या काढून टाका, ओल्या ताट्यांनी पत्रा गंजतो. पंप धुऊन, पुसून घरात ठेवा. मोटरच्या चकत्यांना तेल द्या. कूलरवर प्लास्टिकपेक्षा जुनी चादर बरी. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि मोटर आतून घामेजते. दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी, मोटर दहा मिनिटं कोरडी चालवा. आणि कंडेन्सरचा आकडा ऑइल पेंटनं कूलरच्या आतल्या पत्र्यावर लिहून ठेवा. मार्चमध्ये छापील अक्षरं पुसलेली असतात, दुकानात गर्दी असते, आणि "किती मायक्रोफॅरडचा पाहिजे?" या प्रश्नाला "कूलरचा" हे उत्तर चालत नाही.